अकराव्या ओळीतला ह

मंगल सरगरला सातारा-सांगलीतले मास्तर तोंडावर ‘मॅडम’ म्हणतात आणि पाठीमागं ‘प्रसंगवाली’. जे जरा जास्तच जळतात ते ती हॉलमध्ये शिरताना शेजाऱ्याला कोपरखळी मारून म्हणतात, “आला बघ प्रसंग.” तिला हे सगळं ठाऊक आहे. तिचं म्हणणं असं, की नाव ठेवतात म्हणजे निदान आठवण तरी ठेवतात.

कराडशेजारच्या मलकापूरच्या एका संस्थेत ती शिक्षकांना शिकवायचं काम करते. हे काम काय असतं ते केलेल्यालाच कळतं. पंख्याखालच्या खुर्च्या धरून, सही ठोकून, चहाच्या किटलीकडं डोळा लावून बसलेली चाळीस माणसं, आणि त्यांना सांगायचं की बाबांनो, तुमच्या वर्गात सगळी पोरं सारखी बसत नाहीत. पहिली दोन वर्षं तिनं भाषणं दिली. समता सांगितली, न्याय सांगितला. मास्तर मान डोलावत राहिले. नंदीबैल निदान गुबुगुबु ऐकून तरी डोलतो, हे न ऐकताच डोलत.

एक दिवस ती चिडली, भाषणाचा कागद फाडला आणि एका शाळेतली खरी गोष्ट वाचून दाखवली. त्या शाळेत झाडलोटीची यादी भिंतीवर होती. सोमवार ते शनिवार पोरं बदलत, पण आडनावं तीच पाच. यादी लावणाऱ्या मास्तराच्या ते खरोखरच कधी ध्यानात आलं नव्हतं. मंगलनं शेवटी एकच प्रश्न विचारला: “ही यादी कुणी केली?”

मागून एक जण म्हणाला, “आमच्या शाळेत जात न्हाई मॅडम.”

“न्हाई कशी? रजिस्टर उघडा. नावाच्या पुढं, जन्मतारखेच्या अलीकडं. रकानाच हाय की तिचा.”

हॉल हसला. मग हसायचा थांबला. दोघीतिघी जणी डोळ्यांसमोर आपापल्या भिंतीवरची यादी वाचू लागल्या. त्या दिवशी मंगलला आपला धंदा सापडला. भाषणाला माणूस मान डोलावतो, प्रसंगाला खाली घालतो.

तिथनं पुढं ती गावोगाव प्रसंग गोळा करत हिंडली. घडलेलं तेच लिहायचं. माणसाचं, गावाचं नाव बदलायचं. आणि छापायच्या आधी ज्याचं दुःख त्याला ते शब्दन् शब्द वाचून दाखवायचं. त्यानं ‘नगं’ म्हटलं की कागद चुलीत. ही शिस्त तिला कुठल्या कॉलेजात मिळाली नव्हती, लोकांच्या शिव्या खाऊन मिळाली होती. म्हणून तिला तिचा गर्वही होता.

आणखी एक गर्व होता. प्रत्येक प्रशिक्षणात ती एकदा तरी म्हणायची, “मी मेंढक्याची नात हाय, मला कुणी गरिबी शिकवू नये.” आजाची मेंढरं खरीच होती. पण बापानं ती विकून शिरवळच्या एका कारखान्यात वॉचमनकी धरली आणि मंगल हायवेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत वाढली. मेंढरामागं ती एक दिवस चालली नव्हती. धनगरपण तिच्यापाशी आडनावापुरतं आणि भाषणापुरतं उरलं होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं त्याला उभा चिरला असता.

फेब्रुवारीत मलकापूरच्या मागल्या अंगाला, ऊस तुटून गेलेल्या एका रानात मेंढरं बसली होती. लेंड्यांचं खत मिळतं म्हणून शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, आणि मेंढक्याला चार दिवस थारा मिळतो. मंगलची स्कूटी नेमकी त्याच बांधाला बंद पडली. मेंढरांभोवती लावलेल्या जाळीजवळ एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती.

“पाणी देतीस का गं?”

“पाणी हाय की. पर आदी सांग, कुणाची?”

“सरगराची. मलकापुरात ऱ्हाते.”

“सरगराची व्हय? मग बस की आक्का. उभ्यानं पाणी पितीस व्हय वैऱ्यागत.”

ही हरणाबाई. तिशीची, काटक. राहणारी कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका वाडीची. नवरा बिराप्पा पलीकडं घोड्याला पाणी दावत होता. घोड्याच्या खोगिराला एक निळं दप्तर टांगलेलं होतं. मंगलनं सवयीनं विचारलं, “पोर कितवीला?”

“पाचवीला,” हरणाबाई म्हणाली. भाकरी उलटली. “रोज हजर हाय.” आणि हसली. ते हसू बघून मंगलनं तांब्या खाली ठेवला.

पोरीचं नाव तानू. दिवाळीपर्यंत ती वाडीच्या शाळेत गेली, मग दरसालाप्रमाणं मेंढरांबरोबर निघाली. सतरा जानेवारीला सकाळी शिरवळच्या अलीकडं कळप हायवे ओलांडत होता. मागली चार मेंढरं आणि तानू. कंटेनर थांबला नाही. दवाखान्यानं कागद दिला, त्यावर तारीख आहे, वेळ आहे.

बाराव्याला हरणाबाई वाडीला गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. जेवणाची तानूची एक ताटली तिथं असायची, ती आणायला. नाथाजी गुरुजी दुसऱ्या खोलीत होते. टेबलावर हजेरी उघडी पडली होती.

“मला एकच अक्शार येतंय आक्का. तानूनं शिकवल्यालं. म्हणली, आई, ह हरणाचा, म्हंजी तुजा. तिचा लंबर अकरा. म्या बोटानं अकरा वळी मोजल्या. सतराला ह. अठराला ह. मधी रविवारची तांबडी रेघ, फुडं परत ह. झेंड्याच्या दिवशी ह. मला वाटलं, माजंच नाव लिवलंय का काय रोज.”

गुरुजी आले आणि रडले. माणूस वाईट नव्हता, हे हरणाबाईनंच सांगितलं. शाळेचा पट एकवीस. विसाच्या खाली गेला तर शाळा बंद करतील अशी आवई होती. धनगरवाड्यातली सहा पोरं दिवाळीनंतर मेंढरांमागं जातात. त्यांची नावं गुरुजी रोज ‘ह’ घालून जिवंत ठेवत होते. आणि त्याच हातानं तानूचंही. “बाई, नाव काढलं तर तारीख लिहावी लागतीया,” गुरुजी म्हणाले. “सतराला गेली लिहिलं तर वर विचारतील, अठराचा ह कुणी घातला? जूनमदी काढतो. वर्ष सरू दे.”

“म्हंजी जूनपतोर माजी पोर शाळंतच बसणार व्हय आक्का?” हरणाबाई म्हणाली. “मला शाळा बुडवायची न्हाई. तक्रार न्हाई, काय न्हाई. सतराव्या तारखेला माजी पोर घरी सोडा, एवढंच. तू मास्तर लोकास्नी शिकवतीस न्हवं? त्येंच्या कानावर घाल. पर माजं नाव नगं. चैतात द्राक्षं उतरली की गावची बागवाली मेंढरं बसवाया रान देत्यात. त्येच्यावर आमचं पावसापतोर निभतंय. कळलं तर एक बी देणार न्हाई.”

“कुणाला कळणार न्हाई. माझा शब्द.”

“तू आपल्यातली हायीस म्हणून बोलले.”

मंगलनं त्या आठवड्यात प्रसंग लिहिला. तानूची रेश्मा केली. गाव माण तालुक्यात नेलं. हायवेचा घाट केला, कंटेनरचा ट्रक, सतरा जानेवारीची पाच फेब्रुवारी. कळप तोवर पुढं गेला होता, म्हणून फोनवर वाचून दाखवला. आवाज तुटत होता, पण हरणाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “बरं हाय. कोण वळखणार न्हाई.”

फोन ठेवल्यावर मंगलला वाटलं, कागद कोरडा झालाय. पोरगी दिसत नाही. तिला हरणाबाईनं दप्तरातून काढून दाखवलेली वही आठवली. तानूनं वहीवर नावाच्या जागी मेंढराचा कान काढला होता. डाव्या कानाला दोन काप आणि मधे भोक. मंगलला ते फार आवडलं होतं. तिनं एक ओळ वाढवली. ‘रेश्मा वहीवर नाव घालत नसे, कान काढत असे,’ आणि पुढं तो कान जसाच्या तसा. ही ओळ तिनं हरणाबाईला वाचून दाखवली नाही. एका ओळीसाठी पुन्हा कुठं रेंज शोधायची?

(इथं लिहिलेला कानही खरा नाही. एकदा चूक झाली ती पुरे.)

मार्चच्या शेवटी कवठे महांकाळात प्रशिक्षण होतं. रेश्माचा प्रसंग तिथं काढायचा नाही, हे मंगलनं स्वतःशी ठरवलेलं होतं. पिशवीत कागद होते, पण ते कराडसाठी. इथं ती घरची भाषा आणि शाळेची भाषा यावर बोलत होती. जेवणानंतरची वेळ. खिडकीपाशी बसलेला तानाजी नावाचा एक मास्तर जांभई आवरत म्हणाला, “मॅडम, तुमचे प्रसंग लय पुस्तकी असत्यात हो. एखादा जिवंत काढा की.”

हॉल खदखदला.

मंगलचं डोकं सटकलं. आणि सटकलं की तिचा हात आधी चालतो, विचार मागनं येतो. “जिवंत पायजे? मेलेला चालंल का?” म्हणत तिनं रेश्माचे कागद वाटले.

वाचून झालं तेव्हा चहाच्या किटलीकडं कुणाचा डोळा नव्हता. कागदाच्या तळाशी प्रश्न होता: ‘सहा फेब्रुवारीच्या सकाळी तुम्ही हजेरी घेताय. काय लिहाल?’ एक जण म्हणाला, पट गेला तर शाळा जाते, शाळा गेली तर उरलेल्या पंधरांनी कुठं जायचं? दुसरा म्हणाला, मग मेलेल्याच्या जिवावर शाळा चालवायची का? तिसरा त्याच्यावर धावून गेला, “तू तुझा पट सांग रं आदी!” शेवटी दीपमाला नावाची एक तरुण बाई उभी राहिली. “मी पण घातलेत असे ह,” ती म्हणाली. “पोरगी ऊसतोडीला गेलेली. ती कुठं आहे, जिवंत आहे का, मला आजही माहीत नाही.” आणि खाली बसली. आयुष्यात इतकं चांगलं सत्र मंगलनं घेतलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला आणि त्या काट्याचं तिला सुखही वाटलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर मास्तरांनी हात वर केला. दादासो त्यांचं नाव. दिवसभर बोलले नव्हते.

“मॅडम, कान डावाच न्हवं?”

“व्हय. डावा.”

“दोन काप न् भोक.”

“व्हय. का?”

“काय न्हाई,” दादासो म्हणाले आणि त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. आणखी तीन-चार जणांनी मान वर करून एकमेकांकडं बघितलं. खिडकीपाशी तानाजीची खुर्ची रिकामी होती. तो बाहेर उन्हात फोनवर बोलत होता, हॉलकडं पाठ करून.

चहाला दादासोंनी तिला पायरीवर गाठलं.

“बाई, नाव बदललंत. गाव बदललंत. कान का न्हाई बदलला?”

“कानाचं काय त्यात?”

दादासो तिच्याकडं बघतच राहिले. “तुमी सरगर म्हणता न्हवं? आवं, बाजारात चोरीचं मेंढरू सापडलं तर कशावरनं मालकाच्या दारात येतंय? एका नावाची धा माणसं असत्यात. कान एकाच घराचा. ह्या हॉलमदी आमी पाच जण धनगराचं. पाची जणांनी वळखला.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आन् तानाजी धनगर न्हाई, पर त्यो नाथाजी गुर्जींचा साडू हाय. त्याला शेजारच्यानं सांगितलं.”

धनगराची नात, आणि कान विसरली.

संध्याकाळी सहाला पहिला फोन आला. वीरधवल नावाचा माणूस, त्या गावच्या शाळा समितीचा अध्यक्ष, तीस एकर द्राक्षबागेचा धनी. आवाज असा गोड की तोंडाला मुंग्या लागाव्यात.

“ताई, लय झ्याक लिहिता. आमच्या कानावर आलं, शाळंचं कायतरी लिवलंय.”

“तुमच्या शाळेचं न्हाई. माणमधली गोष्ट हाय.”

“असंल असंल. माणला बी कान असत्यात की.” तो हसला. “या एकदा गावाकडं. द्राक्षं हायत, खाऊन जावा. आन् हरणाबाई आमचीच हाय ताई. परकी न्हाई. तिची काळजी आमाला हाय.”

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शिवीला मंगलकडं उत्तरं होती.

तिनं हरणाबाईला फोन लावला. बंद. बिराप्पाचा बंद. आठ दिवस बंद.

नवव्या दिवशी संस्थेच्या संचालक राजनंदिनी मॅडमनी तिला आत बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता. ‘सदर प्रसंग पूर्णतः काल्पनिक असून त्याचा कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी, शाळेशी संबंध नाही.’ खाली मंगलचं नाव, सहीची जागा रिकामी.

“दोनच ओळी आहेत मंगल.”

“खोट्या हायत.”

“सगळ्यांचंच भलं आहे त्यात. त्या बाईचंसुद्धा.”

“बाईचं भलं तुम्हाला कवापासनं कळाया लागलं? तुम्ही तिला बघितलंय तरी का?” मंगल खुर्ची सारून उठली. दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कवठे महांकाळच्या एसटीत होती.

गावात तिला कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तरी चाललं असतं. पारावरच्या माणसांनी जागा करून दिली, चहा सांगितला, दुसऱ्यांदा सांगितला. “हरणाबाई कुठं भेटंल?” म्हटलं की सगळे एकदम उन्हाळ्याविषयी बोलू लागायचे. शाळेच्या दारात नाथाजी गुरुजी उभे होते. त्यांनी तिला ओळखलं असावं. ते आत गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. शाळा भरलेली असताना. धनगरवाड्याकडं निघाली तर एक मोटरसायकल हळूहळू मागं येत राहिली. पुढंही जाईना, बोलेही ना. ती थांबली की थांबायची.

धनगरवाड्यात चार घरं. हरणाबाईची सासू सुलाबाई उंबऱ्यात बसली होती. मेंढरं दाराशीच, खडकाळ माळावर, उन्हात माना खाली घालून उभी.

“ह्या दिसांत दाराशी कशी गं म्हातारे? रानात का न्हाईत?”

“कुणाच्या रानात?” सुलाबाई म्हणाली. “बागवाला एकेक येतोय, पाणी पितोय, म्हणतोय, ‘म्हातारे, औंदा नगं.’ भांडत न्हाई कोण. वरडत न्हाई. परवा आमचा शेजारी नानासो, आमच्यातलाच, त्येनं बी हिरीचं पाणी बंद केलं. म्हणला, ‘मला बी गावात ऱ्हायाचं हाय.’ कशापाई म्हणून विचारलं तर वर बघतोय.” म्हातारीनं डोळे बारीक केले. “तू ती कागदवाली व्हय?”

मंगलनं मान खाली घातली.

हरणाबाई घागर घेऊन वर आली. दोन मैलांवरनं पाणी आणलं होतं. मंगलला बघून थांबली. रागावली नाही, त्यानं मंगलला जास्त लागलं.

“कसं कळलं आक्का?”

“कानावरनं,” मंगल म्हणाली.

हरणाबाईनं घागर उतरवली. तिनं मंगलकडं असं बघितलं, जसं आपल्या कळपात दुसऱ्याचं मेंढरू निघावं. “तुला ठावं नव्हतं?” एवढंच म्हणाली.

परतताना मोटरसायकलवाला फाट्यापर्यंत आला. तिथं वीरधवल गाडीला टेकून उभा होता. पंचेचाळिशीचा, पांढरे कपडे, हातात द्राक्षाची पेटी. “ताई, तुमच्या मॅडमचं माझ्याशी बोलणं झालंय. त्या दोन ओळींवर सही करा. उद्या सकाळी मेंढरं माझ्या स्वतःच्या रानात बसतील. बाकीचं गाव माझ्या मागनं येतंय. नाथाजी गुर्जींच्या नोकरीचा सवाल हाय, एकवीस पोरांच्या शाळंचा सवाल हाय. तुमी काय शाळा बंद पाडाया निघालाय व्हय?”

“एकवीस न्हाईत. वीस हायत,” मंगल म्हणाली.

“विसाला बी शाळा चालती की,” तो सावकाश म्हणाला, जणू हे त्याला आत्ताच सुचलं.

मंगलला ते वाक्य तेव्हा कळलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर खडकावरची मेंढरं होती, दोन मैलांची घागर होती. आपण दिलेला शब्द आपणच मोडला, आता निदान रान तरी परत देऊ, असं तिनं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं सही केली. राजनंदिनी मॅडमनी पेन पुढं केलं होतं, ते तिनं घेतलं नाही, स्वतःचं वापरलं. तेवढाच ताठा उरला होता.

मेंढरं खरंच वीरधवलच्या रानात बसली. विहिरीचं पाणी सुरू झालं. वीस दिवस सगळं गोड चाललं.

एकविसाव्या दिवशी दुपारी हरणाबाईचा फोन आला. आवाज सपाट होता.

“आक्का, तू काय लिवून दिलंस?”

“का गं?”

“शाळंत नवी हजेरी झालीया. म्या गेलते. म्हटलं, आता तरी सतरा तारखेला सोडा तिला. गुर्जी खाली मान घालून बसलं. अदिक्ष बोलला. म्हणला, हरणे, तुजी पोर औंदा शाळंत नव्हतीच. जूनमदीच नाव कमी केलंय, बिराप्पाचा अंगठा हाय. रान देताना त्येनं अंगठा घेतलाता, कशावर ते आमाला काय म्हाईत. म्या म्हटलं, मला म्हाईत हाय, मास्तरीणबाईनं कागद लिवलाय. तर त्येनं तुजीच सही दावली. म्हणला, बग, तुजी बाईच म्हणतीया ही गोष्ट खोटी. अशी पोर न्हाईच.”

मंगलला वीरधवलचं ते वाक्य आता कळलं. विसाला बी शाळा चालती की.

“जूनपास्नं नव्हती म्हणं,” हरणाबाई म्हणत होती. “मग दिवाळीपतोर रोज दप्तार घिऊन कोण जात हुती? प्रार्थना कोण म्हणत हुती? मला ह कुणी शिकवला? मेली त्ये मेली आक्का. म्या तिला घरी सोडा म्हटलं. ह्येंनी ती आलीच न्हाई म्हणून लिवलं.”

“हरणा, माझी चूक—”

“चूक ऱ्हाऊ दे. ऐक. त्यो कागद हाय का तुज्याकडं? त्यातली ती रेश्मा काढ. तानूचं नाव घाल. बापाचं घाल. माजं घाल. गावाचं घाल.”

“अगं, रान जाईल. पाणी जाईल. आणि आता सही माझी हाय, ते माझ्यावर—”

“तुज्यावर काय हुईल ते तू बग,” हरणाबाई म्हणाली. “रान कर्नाटकात बी हाय. आमी उद्या निघतोय.”

त्यानंतर तिचा फोन लागला नाही. कळप जतच्या बाजूनं खाली गेला असं दादासोंनी कळवलं, आणि पुढं लिहिलं, ‘बाई, सांभाळून. तुमचं पुढचं प्रशिक्षण कवा हाय, असं दोघंजण मला विचारून गेले.’

पुढचं प्रशिक्षण शाळा उघडायच्या आधी, कराडात होतं. संस्थेनं मंगलला कळवलं होतं, की तिनं फक्त भाषा विषय घ्यावा. आदल्या दिवशी तिच्या दारात कुणीतरी द्राक्षाची पेटी ठेवून गेलं होतं. चिठ्ठी नव्हती. मोसम कधीच संपला होता. वरचे घड ताजे होते, खालचे सडून काळे पडले होते. मंगलचा नवरा म्हणाला, “पोलिसात जाऊ.” ती म्हणाली, “जाऊन काय सांगू? कुणी द्राक्षं दिली म्हणून?”

हॉलमध्ये बेचाळीस खुर्च्या होत्या. बेचाळीस शिक्षकांनी सह्या केल्या. पण हॉलमधली माणसं चव्वेचाळीस होती, तिनं दोनदा मोजली. मागल्या दारापाशी दोघं उभे, हातात पेन नाही, वही नाही. एकाच्या हातात प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला कागद. तिला लांबूनही ओळखू आला.

मंगलनं भाषेचे कागद टेबलावर पालथे ठेवले. पिशवीतून दुसरा गठ्ठा काढला.

“आजचा प्रसंग,” ती म्हणाली. “तानू बिराप्पा. इयत्ता पाचवी. आईचं नाव हरणाबाई.” मग तिनं गावाचं नाव घेतलं, तालुक्यासकट. पुढच्या रांगेतल्या एका बाईचा चेहरा पांढरा पडला; आजवर मंगलनं कधी खरं नाव घेतलं नव्हतं, हे तिला ठाऊक असावं.

मागून आवाज आला, अगदी अदबीनं. “मॅडम, एक शंका. हा प्रसंग काल्पनिक आहे का? म्हणजे तुमचीच सही आहे इथं, म्हणून विचारतोय.” कव्हरातला कागद वर धरला गेला. बेचाळीस माना मागं वळल्या, मग तिच्याकडं.

“सही माझीच हाय,” मंगल म्हणाली. “आणि ती सही खोटी हाय. मी खोटं लिहून दिलं, भिऊन. लिहून घ्या. पायजे तर परत सही करते.” तिचा आवाज चढला. “आता बसणार का उभ्यानंच ऐकणार?”

ते बसले नाहीत. एकानं मागं हात घालून हॉलचं दार लावून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. दुसऱ्यानं मोबाईल काढून तिच्या तोंडावर धरला.

खुर्च्यांतलं कुणीही हललं नाही. मंगलनं पान उलटलं आणि जून महिन्यापासून, तानू दप्तर घेऊन पाचवीत बसली त्या दिवसापासून, वाचायला सुरुवात केली.